वाहन मार्गनिर्देशन, उपग्रहीय व प्रकाशीय

मोटारगाडी, आगगाडी, जहाज, विमान इ. वाहनांचे स्थान, वेग व दिशा सतत ठरविणे आणि त्यांवरून पुढचा मार्ग दाखविणे, यास वाहन मार्गनिर्देशन म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामासाठी दोन भिन्न पद्धती विकसित झाल्या. पहिल्या पद्धतीत कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ तरंगांना वाहनापर्यंत पोहोचण्यास लागलेला काल मोजतात व त्यावरून वाहनाचे स्थान काढतात. दुसऱ्या पद्धतीत वाहनातच बसविलेल्या प्रकाशीय घूर्णीने वाहन कोणत्या क्षणी किती वळले हे मोजतात आणि ज्ञात आरंभस्थानापासून पुढचा मार्ग गणिताने जुळवीत नेतात. वरवर पाहता दोन्ही पद्धतींत काहीच साम्य दिसत नाही. वस्तुतः दोहोंत मोजला जातो तो कालच. पृथ्वीच्या परिवलनाचा जो परिणाम पहिल्या पद्धतीत दुरुस्ती म्हणून हिशेबात धरावा लागतो, तोच दुसऱ्या पद्धतीचा आधार आहे. दोहोंचे दोषही परस्परांना पूरक आहेत. उपग्रहावरून मिळणारे स्थान दीर्घकाळ बिनचूक राहते, पण ते केव्हाही खंडित होऊ शकते. घूर्णीवरून मिळणारे स्थान कधीच खंडित होत नाही, पण ते हळूहळू चुकत जाते.

हा भेद नौकानयनाइतकाच जुना आहे. किनाऱ्यावरील खूण वा आकाशातील तारा पाहून स्थान ठरविणे ही एक रीत होय. सुटल्यापासून कोणत्या दिशेने, किती वेगाने व किती वेळ गेलो याचा हिशेब ठेवणे ही दुसरी रीत होय. आकाश अभ्राच्छादित असले म्हणजे खलाशाला दुसरीवर विसंबावे लागे आणि ढग पांगताच पहिलीने तो आपला हिशेब दुरुस्त करून घेई. आजच्या वाहनातील संगणक तत्त्वतः हेच करतो. फक्त ही दुरुस्ती तो सेकंदात अनेकदा करतो.

उपग्रहीय पद्धतीचा उगम : ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील विल्यम ग्वायर व जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण भौतिकीविज्ञ त्याचे सु. २० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे संदेश ऐकू लागले. उपग्रह जवळ येताना संदेशाची कंप्रता किंचित वाढलेली व दूर जाताना घटलेली आढळे. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढा वाटतो व ती दूर जाऊ लागताच उतरतो, तोच हा डॉप्लर परिणाम होय. उपग्रहाचा वेग सेकंदास सु. ८ किमी. असल्यामुळे हा फरक काही शे हर्ट्‌झ इतका होता व तो सहज मोजता आला. केवळ या फरकाच्या आलेखावरून उपग्रहाची संपूर्ण कक्षा काढता येते, असे दोघांनी दाखविले. पुढील वर्षी त्यांचे वरिष्ठ सहकारी फ्रँक मॅक्ल्यूर यांनी हाच प्रश्न उलटा मांडला : जमिनीवरील स्थान माहीत असताना कक्षा काढता येत असेल, तर कक्षा माहीत असताना जमिनीवरील अज्ञात स्थान का काढता येऊ नये? अमेरिकी नौदलाला पोलॅरिस क्षेपणास्त्रे वाहून नेणाऱ्या पाणबुड्यांसाठी नेमके हेच हवे होते.

यातून ‘ट्रान्झिट’ ही प्रणाली निर्माण झाली. तिचा कार्य करणारा पहिला उपग्रह १३ एप्रिल १९६० रोजी सोडण्यात आला, १९६४ मध्ये ती नौदलाच्या नित्य वापरात आली आणि १९६७ पासून व्यापारी जहाजांनाही खुली झाली. मात्र एका वेळी एकच उपग्रह वापरावा लागे, त्याचे निरीक्षण दहा-पंधरा मिनिटे करावे लागे आणि दुसरा उपग्रह उगवेपर्यंत कित्येकदा तासाहून अधिक वाट पाहावी लागे. संथ जहाजाला हे चाले. विमानाला वा मोटारीला याचा काही उपयोग नव्हता. १९९६ अखेर ही प्रणाली बंद करण्यात आली.

घड्याळांची प्रणाली : वेगवान वाहनाचे स्थान क्षणोक्षणी काढावयाचे, तर अनेक उपग्रहांपासूनची अंतरे एकाच वेळी मोजली पाहिजेत. रेडिओ तरंग सेकंदात सु. ३ लक्ष किमी. जातो. म्हणून उपग्रहाने ‘मी अमुक क्षणी निघालो’ असा संदेश पाठविला व प्रग्राहीने तो पोहोचल्याचा क्षण नोंदला, तर दोन क्षणांतील फरकाला प्रकाशवेगाने गुणून अंतर मिळते. तत्त्व शाळकरी गणिताइतके सोपे आहे. अडचण आहे ती घड्याळाची. सेकंदाच्या एक दशलक्षांश भागाची चूक झाली तर अंतर ३०० मी.ने चुकते, एक अब्जांश भागाची चूक झाली तरी ३० सेंमी.ने चुकते. अमेरिकी नौदल संशोधन प्रयोगशाळेतील रॉजर ईस्टन यांनी १९६७ व १९६९ मध्ये ‘टायमेशन’ नावाचे उपग्रह सोडून अवकाशात अचूक घड्याळे चालविण्याचे प्रयोग केले. त्याच सुमारास हवाई दलाचाही वेगळा प्रकल्प चालू होता. १९७३ मध्ये ब्रॅडफोर्ड पार्किन्सन यांच्या नेतृत्वाखाली हे निरनिराळे प्रयत्न एकत्र करण्यात आले आणि जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली, म्हणजेच प्रचारातील ‘जीपीएस’, आकारास आली. तिचा पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजी सोडला गेला व १९९५ मध्ये ती पूर्ण कार्यक्षम झाल्याचे घोषित करण्यात आले. मूळ आराखड्यात सु. २०,२०० किमी. उंचीवरील सहा कक्षापातळ्यांत २४ उपग्रह असून प्रत्येक उपग्रह सु. १२ तासांत एक प्रदक्षिणा करतो.

उपग्रहात आणवीय घड्याळ बसविता येते. मोटारीत तसे बसविणे परवडणारे नाही. ही अडचण फार चतुराईने दूर केलेली आहे. वाहनाचे अक्षांश, रेखांश व उंची या तीन अज्ञात राशी आहेत. वाहनातील साध्या क्वॉर्ट्‌झ घड्याळाची चूक ही चौथी अज्ञात राशी मानतात आणि तीन उपग्रहांऐवजी चार उपग्रहांचे निरीक्षण करतात. चार समीकरणांतून चारही राशी मिळतात. त्यामुळे वाहनाला स्थानाबरोबरच जवळजवळ आणवीय घड्याळाइतकी अचूक वेळही आपोआप मिळते. वीजपुरवठ्याची व दूरध्वनीची जाळी जुळवून ठेवण्यास ही वेळ वापरली जाते. स्थान सांगण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेचे वेळ सांगणे हे काम आज कमी महत्त्वाचे राहिलेले नाही.

या घड्याळांना सापेक्षता सिद्धांताचा विचार करावाच लागतो. उपग्रहाच्या वेगामुळे त्याचे घड्याळ दिवसाला सु. ७ मायक्रोसेकंद मागे पडते, तर उंचीवर गुरुत्व क्षीण असल्यामुळे ते सु. ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. म्हणजे दिवसाकाठी ते ३८ मायक्रोसेकंद पुढे जाणार. अंतराच्या भाषेत ही चूक दररोज ११ किमी.हून अधिक भरते. १९७७ च्या जूनमध्ये एनटीएस-२ हा चाचणी उपग्रह सोडला गेला, तेव्हा ही दुरुस्ती खरोखर लागेल की नाही याविषयी काही अभियंते साशंक होते. म्हणून दुरुस्तीचे मंडल उपग्रहात बसविले, पण ते बंद ठेवले. सु. वीस दिवस सीझियम घड्याळाची गती तशीच मोजण्यात आली. सिद्धांताने एक लक्ष कोटींत (एकावर बारा शून्ये) ४४६·५ भागांची वाढ वर्तविली होती. प्रत्यक्षात ४४२·५ भाग आढळली. त्यानंतर मंडल चालू करण्यात आले. पुढील उपग्रहांतील घड्याळे तर जमिनीवर असतानाच तेवढी मंद ठेवली जातात. सामान्य माणसाच्या दैनंदिन व्यवहारात आइन्स्टाइन यांचा सिद्धांत इतक्या थेटपणे उपयोगी पडल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

पृथ्वीच्या परिवलनाचीही एक दुरुस्ती येथे लागते. संदेशाला उपग्रहापासून जमिनीवर येण्यास सु. ०·०७ सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत मुंबईच्या अक्षांशावरील जमीन पूर्वेकडे सु. ३० मी. सरकलेली असते. पूर्वेकडील उपग्रहाचा संदेश त्यामुळे थोडा लवकर आणि पश्चिमेकडील उपग्रहाचा थोडा उशिरा पोहोचतो. हा सान्याक परिणाम होय. त्याचा विचार पुढे केला आहे.

दुर्घटना व धोरण : ३१ ऑगस्ट १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे बोइंग ७४७ विमान अलास्कातील अँकोरेजहून सोलकडे निघाले. विमानात निरूढी (जडत्व) मार्गनिर्देशनाचे तीन संच होते. परंतु स्वयंचलित सुकाणू त्यांच्याशी जोडले न जाता ठराविक चुंबकीय दिशेवरच राहिले, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १९९३ च्या अहवालात काढला. विमान मार्गापासून ५०० किमी.पेक्षाही अधिक भरकटून सोव्हिएट हद्दीत शिरले आणि १ सप्टेंबरच्या पहाटे सॅकालीन बेटाजवळ लढाऊ विमानाने ते पाडले. त्यातील सर्व २६९ माणसे मृत्युमुखी पडली. पाच तास चाललेली ही चूक वैमानिकांच्या ध्यानात आली नाही. याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या वतीने, जीपीएस पूर्ण झाल्यावर ती जगातील नागरी वाहतुकीस विनामूल्य उपलब्ध होईल, असे जाहीर करण्यात आले. तथापि नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक १ मे २००० पर्यंत कायम होती व तीमुळे स्थान सु. १०० मी.पर्यंत चुकू शके. ही चूक काढून टाकल्याच्या रात्रीच जगभरच्या प्रग्राहींची अचूकता एकदम कित्येक पटींनी वाढली. एका राष्ट्राच्या निर्णयाने जे मिळते ते त्याच्याच निर्णयाने जाऊही शकते, हे इतर राष्ट्रांनी ओळखले होते. रशियाची ग्लोनास (पहिला उपग्रह १९८२), यूरोपीय संघाची गॅलिलिओ (सेवेचा आरंभ २०१६) व चीनची बेडू (जागतिक जाळे पूर्ण २०२०) या प्रणालींमागे ही जाणीव आहे.

भारतीय प्रणाली : भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने ‘नाविक’ ही प्रादेशिक प्रणाली उभारली. तिच्या आराखड्यात सात उपग्रह असून तीन भूस्थिर कक्षेत व चार विषुववृत्ताशी कललेल्या भूसमकालिक कक्षांत ठेवावयाचे आहेत. सर्व उपग्रह सु. ३६,००० किमी. उंचीवरून भारत व भोवतालच्या प्रदेशावर सतत नजर ठेवतात, म्हणून थोड्या संख्येत काम भागते. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी व सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडला गेला. थोड्याच काळात पहिल्या उपग्रहातील तीनही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडली. उपग्रह कक्षेत होता, त्याची वीज चालू होती, संदेशही जात होते. परंतु घड्याळाविना स्थाननिश्चितीच्या दृष्टीने तो निरुपयोगी ठरला. त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाठविलेला उपग्रह अग्निबाणाचे उष्णतारोधी आवरण न सुटल्याने वाया गेला. १२ एप्रिल २०१८ रोजीचा प्रयत्न यशस्वी झाला. अहमदाबाद येथील अवकाश उपयोजन केंद्रात विकसित केलेले रुबिडियम घड्याळ २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहातून प्रथम अवकाशात गेले. २९ जानेवारी २०२५ रोजीचा एनव्हीएस-०२ मात्र झडपेतील बिघाडामुळे नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही.

भारताची आणखी एक विशेष अडचण आयनांबराची आहे. वातावरणाच्या या विद्युत् भारित थरातून जाताना रेडिओ तरंगास विलंब लागतो, आणि चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस, म्हणजे भारताच्या बऱ्याच भागावर, हा थर दुपारनंतर फार दाट व अस्थिर होतो. विलंब कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने दोन भिन्न कंप्रतांवरील संदेशांची तुलना करून तो काढून टाकता येतो. नाविकचे संदेश सु. ११७६ व २४९२ मेगॅहर्ट्‌झ या एकमेकींपासून बऱ्याच दूर असलेल्या कंप्रतांवर आहेत. विमानांसाठी याच कारणाने ‘गगन’ ही दुरुस्ती पुरविणारी यंत्रणा उभारली गेली.

उपग्रहीय पद्धतीच्या मर्यादा : जमिनीवर पोहोचणारा उपग्रहाचा संदेश कल्पनातीत क्षीण असतो. एका वॉटचे एक अब्ज भाग करून त्यांपैकी एकाचे पुन्हा एक कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढी त्याची शक्ती भरते. ठराविक सांकेतिक क्रमाशी जुळवून पाहिल्यामुळेच तो गोंगाटातून वेगळा काढता येतो. बोगद्यात किंवा तळघरात तो पोहोचत नाही. उंच इमारतींच्या गल्लीत तो भिंतींवरून परावर्तित होऊन लांबच्या मार्गाने येतो व वाहन शेजारच्या रस्त्यावर असल्याचे दाखवितो. सामान्य शक्तीच्या प्रेषकाने त्याला झाकून टाकता येते, आणि खोटा संदेश पाठवून प्रग्राहीला फसविताही येते. या शेवटच्या प्रकारात वाहनचालकाला आपण चुकत आहोत याची शंकाही येत नाही. म्हणून तो सर्वांत घातक होय.

प्रकाशीय घूर्णीचे तत्त्व : फिरत्या भोवऱ्याचा अक्ष आपली दिशा सोडत नाही, या गुणावर आधारलेल्या यांत्रिक घूर्णी विसाव्या शतकाच्या आरंभापासून जहाजांत वापरात होत्या [→ घूर्णी]. वेगाने फिरणारे चक्र, त्याची धारवे व त्यांची झीज हा त्यांचा कायमचा त्रास होय. चक्राऐवजी प्रकाशाने हेच काम करता येईल, ही कल्पना ज्या प्रयोगातून निघाली त्याचा हेतू अगदी वेगळा होता. फ्रेंच भौतिकीविज्ञ झॉर्झ सान्याक यांनी १९१३ मध्ये एका फिरत्या टेबलावर आरसे मांडून एकाच प्रकाशझोताचे दोन भाग केले आणि सु. ८६० चौ. सेंमी. क्षेत्र वेढणाऱ्या बंद मार्गावर ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरविले. टेबल सेकंदास सु. दोन फेरे या वेगाने फिरू लागताच दोन्ही भाग परत एकत्र आल्यावर दिसणारे व्यतिकरण पट्टे किंचित सरकले. कारण उघड आहे. टेबलाच्या फिरण्याच्या दिशेने निघालेल्या प्रकाशाला पुढे सरकत जाणारे अंतिम टोक गाठावे लागते. उलट दिशेने निघालेल्या प्रकाशापुढे तेच टोक सामोरे येते. दोन्ही प्रवासांच्या कालांतील फरक मार्गाने वेढलेले क्षेत्र व फिरण्याचा कोनीय वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. सान्याक यांच्या मते यामुळे ईथराचे अस्तित्व व पर्यायाने सापेक्षता सिद्धांताची चूक सिद्ध झाली. मॅक्स फोन लौए यांनी मात्र १९११ मध्येच दाखवून दिले होते की, हा परिणाम सापेक्षता सिद्धांतातूनही तसाच निघतो. ज्या सिद्धांताचे खंडन करण्यासाठी हा प्रयोग झाला, त्याच सिद्धांतावर चालणाऱ्या उपग्रहांची उणीव पुढे त्या प्रयोगातून निघालेले उपकरण भरून काढू लागले.

परिणाम फारच सूक्ष्म आहे. एक चौ. मी. क्षेत्र वेढणारा मार्ग पृथ्वीच्या परिवलनाच्या वेगाने फिरत असेल, तर दोन्ही प्रकाशमार्गांतील फरक हायड्रोजन अणूच्या व्यासाच्या सु. शंभराव्या भागाइतका भरतो. म्हणून ॲल्बर्ट मायकेलसन व हेन्री गेल यांनी १९२५ मध्ये इलिनॉय राज्यात तो मोजला, तेव्हा त्यांना ६१२ मी. लांब व ३३९ मी. रुंद असा निर्वात नळांचा आयत जमिनीवर मांडावा लागला. पट्ट्याच्या रुंदीच्या ०·२३६ भागाइतके सरकणे अपेक्षित होते. ०·२३० भाग आढळले. पृथ्वी फिरते हे आकाशाकडे न पाहता केवळ प्रकाशाने मोजून दाखविणारा हा प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात आहे त्याहून अधिक प्रसिद्ध व्हावयास हवा होता. अर्थात असे उपकरण वाहनात बसविणे शक्य नव्हते.

वलय लेसर घूर्णी : लेसरचा शोध लागल्यावर परिस्थिती पालटली. १९६३ मध्ये अमेरिकेतील स्पेरी कंपनीतील मेसेक व डेव्हिस यांनी चौकोनी मार्गाच्या चारही बाजूंवर हीलियम-निऑन लेसर नलिका बसवून त्या मार्गालाच लेसर बनविले. अशा वलयातील दोन विरुद्ध झोतांच्या मार्गांत अत्यल्प फरक पडला, तरी त्यांच्या कंप्रता वेगळ्या होतात व त्यांतील फरक ठोक्यांच्या रूपाने मोजता येतो. अणूच्या अंशाएवढे अंतर मोजण्याऐवजी ठोके मोजावे लागतात, ही मोठी सोय झाली. मात्र वलय अगदी हळू फिरत असेल, तर आरशांवरून विखुरलेल्या थोड्या प्रकाशामुळे दोन्ही झोत एकमेकांना ओढून एकाच कंप्रतेस येतात व ठोके नाहीसे होतात. एकाच आधारावर टांगलेली दोन लंबक घड्याळे काही वेळाने एका लयीत चालू लागतात, तसाच हा प्रकार आहे. वाहन सरळ जात असताना, म्हणजे सूक्ष्म वळणे ओळखण्याची खरी गरज असतानाच, घूर्णी जणू आंधळी होई. संपूर्ण वलयच सेकंदास काही शे वेळा थोडे थोडे हेलकावत ठेवून हा दोष टाळण्यात आला. गतिमान भाग नसलेल्या उपकरणात अखेर असा एक भाग घालावा लागला, हे अभियंत्यांना रुचले नाही, पण उपाय चालला. १९८० च्या दशकाच्या आरंभी बोइंग ७५७ व ७६७ या विमानांत वलय लेसर घूर्णी मूळ सामग्री म्हणूनच बसविण्यात आल्या. जर्मनीतील व्हेट्‌सेल येथे ४ मी. बाजूचे असे एक वलय जमिनीखाली बसविलेले असून पृथ्वीच्या परिवलनामुळे त्यात सेकंदास सु. ३४८ ठोके पडतात. त्यांवरून परिवलनातील बारीक चढउतार मोजले जातात.

तंतू घूर्णी : प्रकाशीय तंतूची वेटोळी गुंडाळून लहान जागेत मोठे क्षेत्र वेढता येते. १० सेंमी. व्यासाच्या रिळावर १ किमी. तंतू गुंडाळला, तर त्याचे तीन हजारांहून अधिक वेढे होतात व सर्वांचे मिळून क्षेत्र २५ चौ. मी. भरते. अमेरिकेतील यूटा विद्यापीठातील व्हिक्टर व्हाली व रिचर्ड शॉर्टहिल यांनी १९७६ मध्ये या तत्त्वाचे प्रात्यक्षिक करून दाखविले. येथे लेसरचे वलय नसून उगम बाहेर असतो, त्यामुळे झोत एकमेकांत अडकण्याचा वर सांगितलेला दोष उद्‌भवत नाही. किंबहुना शुद्ध एकवर्णी लेसरपेक्षा थोड्या विस्तृत वर्णपटाचा अर्धसंवाहक प्रकाशस्रोतच येथे अधिक चांगला ठरतो, कारण त्यामुळे तंतूत विखुरलेल्या प्रकाशाचा गोंधळ कमी होतो. कालांतर तंतूच्या प्रणमनांकावर (वक्रीभवनांकावर) अवलंबून नसते, हे प्रथमदर्शनी आश्चर्याचे वाटते. परंतु काच दोन्ही झोतांना सारखाच विलंब लावते. तापमानातील असमान बदल हा या घूर्णीचा मुख्य शत्रू असून तंतू रिळावर विशिष्ट सममित क्रमाने गुंडाळून त्याचा प्रभाव आटोक्यात ठेवतात.

दोन्ही पद्धतींचा संयोग : घूर्णी वळण्याचा वेग सांगते, दिशा मिळविण्यासाठी तो काळाबरोबर मिळवीत जावा लागतो आणि त्याबरोबर लहानशी चूकही साठत जाते. कोकण रेल्वेवरील रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सु. ६·५ किमी. लांब आहे. एवढ्या लांबीच्या बोगद्यातून एखादे वाहन ताशी ६० किमी. वेगाने गेले, तर साडेसहा मिनिटे उपग्रहाचा संदेश मिळणार नाही. वाहनातील घूर्णी तासाला १० अंश चुकणारी असेल, तर बाहेर पडेपर्यंत दिशा सु. १ अंशाने व स्थान बाजूला सु. ६० मी.ने चुकलेले असेल. तासाला ०·०१ अंश चुकणाऱ्या विमानातील घूर्णीने हीच चूक काही सेंमी.वर येते, पण तिची किंमत मोटारीच्या किंमतीहून अधिक होईल. दोन्ही प्रकारची मापने किती विश्वासार्ह आहेत हे तोलून त्यांतून सर्वांत संभाव्य स्थान काढण्याची गणिती रीत रूडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडली. या रीतीचा मोठा गुण असा की, उपग्रह दिसत असताना ती केवळ स्थानच सुधारीत नाही, तर घूर्णी किती चुकते आहे हेही शिकून घेते. पुढे बोगद्यात ते ज्ञान कामी येते.

मोटारीत मात्र घूर्णी उपग्रहाच्या आधीच आली. १९८१ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने हीलियम वायूच्या झोतावर चालणारी घूर्णी मोटारीत बसविली. नकाशा पारदर्शक पत्र्यावर छापलेला असे व आरंभीचे स्थान चालकाने स्वतः जुळवावे लागे. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात आलेल्या ‘एटॅक’ या संचात नकाशे ध्वनिफितींच्या डब्यांत साठविलेले होते आणि वाहनाने घेतलेली वळणे नकाशावरील रस्त्यांच्या वळणांशी जुळवून चूक दुरुस्त केली जाई. त्याचे नाव पॅसिफिक महासागरातील बेटांवरील खलाशांच्या स्थानगणनेच्या रीतीवरून घेतलेले आहे. वाहन रस्ता सोडून जात नाही, ही साधी गोष्ट येथे मापनाइतकीच उपयोगी ठरली. उपग्रहीय प्रग्राही असलेली मोटार १९९० मध्ये जपानच्या माझ्दा कंपनीने बाजारात आणली. पुढे जपानी मोटारींत तंतू घूर्णीही काही काळ वापरल्या गेल्या. नंतर सिलिकॉनच्या कंपणाऱ्या सूक्ष्म घूर्णींनी स्वस्तपणामुळे त्यांची जागा घेतली. विमाने, जहाजे, क्षेपणास्त्रे व अवकाशयाने यांत मात्र प्रकाशीय घूर्णींचे स्थान अढळ राहिले. चालकाविना चालणाऱ्या मोटारींसाठी लेसर झोत भोवती फिरवून परावर्तित प्रकाशाच्या कालावरून आसपासच्या वस्तूंची अंतरे मोजणारा ‘लिडार’ हा तिसरा प्रकाशीय संवेदक पुढे आला. आपण कोठे आहोत याबरोबरच पुढे कोण उभे आहे हेही तो सांगतो. दाट धुके व धूळ यांत त्याची दृष्टी मंदावते.

रेल्वेमार्गावरील उपयोग : २ ऑगस्ट १९९९ रोजी पश्चिम बंगालमधील गैसल स्थानकात चुकीच्या मार्गावर आलेली एक गाडी समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली व २८० हून अधिक माणसे दगावली. यानंतर कोकण रेल्वेतील अभियंते बी. राजाराम यांनी उपग्रहीय स्थाननिश्चितीवर आधारलेले टक्कररोधक उपकरण विकसित केले. दोन गाड्यांतील उपकरणे रेडिओवरून एकमेकींना आपली स्थाने कळवितात आणि टकरीचा संभव दिसताच गतिरोधक आपोआप लावतात. परंतु शेजारच्या दोन रेल्वेमार्गांतील अंतर सु. ५ मी. असते, आणि साध्या प्रग्राहीची चूक त्याहून मोठी असू शकते. एकाच मार्गावर समोरासमोर आलेल्या आणि शेजारच्या मार्गावरून निर्वेध जाणाऱ्या गाड्या प्रग्राहीला सारख्याच दिसतात. राजाराम यांनी यावर काढलेला तोडगा घूर्णीच्या विचारसरणीचाच आहे. स्थान पाहण्याऐवजी त्यांनी वळणे मोजली. सांध्यावरून मार्ग बदलताना गाडीची दिशा एकदा एका बाजूस व लगेच दुसऱ्या बाजूस किंचित फिरते. हे कोनीय फरक क्रमाने नोंदत गेल्यास गाडी कोणत्या मार्गावर आहे हे कळते. बहुतांशी एकेरी असलेल्या कोकण रेल्वेवर ही कल्पना सोयीची होती. अनेकपदरी मार्गांवर सर्व वळणांचा बिनचूक हिशेब ठेवणे अवघड गेले. भारतीय रेल्वेने नंतर स्वीकारलेल्या ‘कवच’ या प्रणालीत गाडीचे स्थान ठरविण्याचे काम रुळांमध्ये ठराविक अंतरांवर बसविलेल्या रेडिओ खुणपट्ट्यांवर सोपविलेले आहे. इंजिन वरून जाताना त्या वाचते व दोन खुणपट्ट्यांमधील अंतर चाकाच्या फेऱ्यांवरून मोजते.